आवाजाखालची ओळ

मराठी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागला की पडद्याच्या तळाशी बहुतेक वेळा इंग्रजी ओळी येत असतात. अमराठी प्रेक्षकालाही संवाद कळावेत म्हणून केलेली ती सोय, आणि ती चांगलीच आहे. पण मराठी ज्यांची मायबोली आहे आणि कानांनी ज्यांची साथ सोडली आहे, त्यांच्यासाठी खाली मराठी ओळी द्याव्यात, असे फारसे कुणाला सुचत नाही. घरच्या टीव्हीवर तर याहून गंमत आहे. रिमोटवर सबटायटलचे बटण असते. सेटिंग्जमध्ये शिरावे तर अक्षरे केवढी हवीत, पांढरी की पिवळी, मागे काळी पट्टी हवी की नको, हे सगळे विचारले जाते. सगळी उत्तरे देऊन मराठी वाहिनी लावावी, तर खाली काहीच उमटत नाही. यंत्र तयार आहे, बघणाराही तयार आहे, मजकुराचा तेवढा पत्ता नाही. मराठी कार्यक्रमाखाली मराठी अक्षरे ही टीव्हीवरची नेहमीची गोष्ट व्हायला हवी, असे माझे मत आहे. ती होत नाही याचा दोष तंत्रज्ञानावर टाकता येणार नाही, हे थोडे खोलात शिरले की दिसते.

आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. चित्रपटावर कायमची छापलेली अक्षरे सगळ्यांनाच दिसतात, ती घालवता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात अक्षरे चित्राबरोबरच, पण वेगळ्या वाटेने घरापर्यंत येतात आणि ज्याला हवीत त्याने ती सुरू करायची असतात. यालाच क्लोज्ड कॅप्शन म्हणतात. अमेरिकेत १९७२ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या पाककृतींच्या कार्यक्रमावर पहिल्या प्रकारची अक्षरे दिली. दुसऱ्या प्रकाराला नियमित सुरुवात झाली ती १६ मार्च १९८० रोजी. चित्राच्या एकविसाव्या रेषेत, पडद्यावर न दिसणाऱ्या भागात, मजकूर दडवून पाठवला जाई आणि तो वाचायला टीव्हीला वेगळी पेटी जोडावी लागे. सिअर्सच्या दुकानांत मिळणाऱ्या त्या पेटीची किंमत होती सुमारे २५० डॉलर. पेटी महाग म्हणून घेणारे थोडे, घेणारे थोडे म्हणून अक्षरे देणारे कार्यक्रम थोडे, आणि कार्यक्रमच थोडे तर पेटी घ्यायची कशाला, असे ते रहाटगाडगे दहा वर्षे फिरत राहिले. ते थांबवले १९९० च्या कायद्याने. १ जुलै १९९३ पासून अमेरिकी बाजारात येणाऱ्या १३ इंची किंवा मोठ्या प्रत्येक टीव्हीत ही सोय आतच असली पाहिजे, असा दंडक झाला. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने कार्यक्रमांवर अक्षरे देणे बंधनकारक करण्याची वाट मोकळी केली. तिथे दोन्ही गोष्टींसाठी कायदा करावा लागला. आपल्याला पहिली गोष्ट जवळजवळ फुकटात मिळाली, कारण जगभरासाठी बनणारे संच आणि पेट्या इथे येतानाच ती सोय घेऊन आल्या. दुसरीपाशी आपण अजून अडून बसलो आहोत.

ही सोय लावायला बसलेला माणूस आपल्याकडे बहुधा भलत्याच ठिकाणी शोधत राहतो. टीव्ही एक दिसत असला तरी त्या कोपऱ्यात यंत्रणा तीन असतात: संच, डिशची किंवा केबलची पेटी, आणि संचातली ॲप्स. तिघांची भाषा वेगवेगळी लावावी लागते आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे कळत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या संचात मेनूची भाषा सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ किंवा ‘डिव्हाइस प्रेफरन्सेस’ या विभागात सापडते, तर अक्षरांची सोय ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘कॅप्शन्स’ नावाने असते. इतर बनावटीच्या संचांतही ती बहुधा ‘ॲक्सेसिबिलिटी’तच ठेवलेली असते. पण ही निवड संचाचा स्वतःचा ट्यूनर आणि त्यातली ॲप्स यांच्यापुरतीच लागू होते. डिशची पेटी एचडीएमआय केबलने जोडलेली असेल, तर त्या केबलमधून संचाला तयार चित्र आणि आवाज मिळतो, अक्षरांचा वेगळा मजकूर मिळत नाही. त्यामुळे संचाच्या मेनूत तासभर खटपट केली तरी हाती काही लागत नाही. अक्षरे चित्रावर चढवायची ती पेटीनेच, आणि सुरू करायची तीही पेटीच्याच रिमोटवरून. पेटीच्या मेनूत पुन्हा ‘ऑडिओ’ आणि ‘सबटायटल’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. कार्टूनच्या किंवा माहितीपटांच्या वाहिन्यांवर इंग्रजी-हिंदी आवाज बदलता येतो तो पहिल्या नोंदीतून. तिथे भाषा बदलून अक्षरांची वाट पाहत बसणे हा घरोघरीचा घोळ. ॲप्समध्ये तर प्रत्येक प्रोफाइलची निवड निराळी, म्हणून मुलाच्या प्रोफाइलवर दिसणारी अक्षरे आजोबांच्या प्रोफाइलवर दिसत नाहीत.

‘देवनागरी दाखवणे अवघड, म्हणून मराठी अक्षरे येत नाहीत’ असे एक कारण कधी कधी ऐकू येते. जुन्या अमेरिकी पद्धतीपुरते ते खरे होते. एकविसाव्या रेषेतल्या त्या व्यवस्थेत रोमन अक्षरे आणि काही युरोपीय चिन्हे होती, देवनागरीला जागाच नव्हती. पण भारतातली डिश आणि डिजिटल केबल युरोपात तयार झालेल्या डीव्हीबी पद्धतीवर चालते, आणि तिच्यात सबटायटल हे अक्षरांचे चित्र म्हणूनच पाठवता येते. ओळ प्रक्षेपण केंद्रातच रंगवली जाते, पेटीचे काम ती योग्य क्षणी पडद्यावर ठेवण्याचे. चित्र देवनागरीचे आहे की तमिळचे, याच्याशी पेटीला कर्तव्य नसते. सोबत भाषेची एक तीन अक्षरी खूणही जाते, मराठीसाठी ती ‘एमएआर’ अशी ठरलेली आहे. साधे सबटायटल आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचे सबटायटल अशी दोन वेगळी लेबले लावायचीही सोय आहे. खरी अडचण येते ती जिथे मजकूर मजकूर म्हणून जातो आणि अक्षरे जुळवण्याचे काम घरच्या यंत्रावर पडते तिथे, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या ॲप्समध्ये. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या तुटून र आणि या वेगळे होतात, वेलांटी आपले अक्षर सोडून पलीकडे जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. हा दोष फाँटचा आणि तो नीट न तपासणाऱ्यांचा. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ पासून आहे, आणि हातातल्या फोनवर हीच जोडाक्षरे रोज व्यवस्थित दिसतात.

कायद्याचीही उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये सांकेतिक भाषा, ध्वनिवर्णन आणि क्लोज्ड कॅप्शन यांच्या आधारे इलेक्ट्रॉनिक माध्यमे सर्वांना उपलब्ध करून द्यावीत असे स्पष्ट म्हटले आहे. रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, हेही तिथेच आहे. त्यापाठोपाठ माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्हीसाठी निकष काढले. बातम्यांच्या वाहिन्यांनी रोज निदान एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावे, इतर वाहिन्यांनी थोड्यापासून सुरुवात करून २०२५ पर्यंत निम्म्या कार्यक्रमांपर्यंत पोहोचावे, असा तो आराखडा. थेट प्रक्षेपणे, जाहिराती यांना सवलत होती. २०२५ उलटून गेले. बातमीपत्राच्या कोपऱ्यात खुणा करणारा दुभाषी काही ठिकाणी दिसू लागला, मालिकांखालची मराठी ओळ मात्र अजून शोधावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही नियम बंधनकारक केलेच पाहिजेत. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’ चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी सबटायटल, क्लोज्ड कॅप्शन आणि ध्वनिवर्णन तयार करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मात्यांना दिला होता. एकेका चित्रपटासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत असेल, तर रोज रात्री आठ वाजता लागणाऱ्या मालिकेसाठी कोण जाणार?

‘असे प्रेक्षक आहेत तरी किती?’ हा व्यवहारी माणसाचा पहिला प्रश्न, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद देशभरात सुमारे ५० लाख झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मात्र भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेले सुमारे ६.३ कोटी लोक आहेत. दोन आकड्यांतली ही दरी समजण्यासारखी आहे. साठी-पासष्टीनंतर कमी ऐकू येऊ लागलेला माणूस जनगणनेच्या कर्मचाऱ्याला स्वतःला दिव्यांग म्हणून सांगत नाही. तो टीव्हीचा आवाज वाढवतो. त्याने काम भागत नाही, कारण वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी, आणि स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा जीव त्यांतच असतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. ‘आवाज येतोय, पण काय म्हणतायत ते समजत नाही’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्यात हल्लीचे पातळ संच. त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आणि मालिकांतले पार्श्वसंगीत संवादाच्या उरावर बसलेले असते. आवाज वाढवला की संगीतही वाढते, शेजारच्या खोलीत अभ्यास करणारे मूल ओरडते, आणि म्हातारा माणूस निमूटपणे आवाज कमी करून नुसती चित्रे बघत राहतो. एक ओळ खाली आली असती तर घरातला हा रोजचा तंटा मिटला असता. आणि ऐकू येणाऱ्यांनाही ती नकोशी नसते. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २००६ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार तिथे सबटायटल वापरणाऱ्या ७५ लाखांपैकी ६० लाख जणांना श्रवणदोष नव्हता. कुकरच्या शिट्ट्यांत, पंख्याच्या घरघरीत, झोपलेल्या बाळाशेजारी टीव्ही पाहणाऱ्या आपल्या घरांत हे प्रमाण फार वेगळे निघेल असे मला वाटत नाही.

दुसरा लाभ याहून मोठा आहे आणि त्याचा शोध आपल्याच देशात घेतला गेला. गाणे ज्या भाषेत, त्याच भाषेत खाली अक्षरे दिली तर कच्चे वाचणाऱ्यांचा वाचनाचा सराव आपोआप होईल, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास मांडली. अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी तिचा पाठपुरावा केला. आधी गुजराती चित्रगीतांवर प्रयोग झाले, मग दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’वर हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी आल्या. महाराष्ट्रातही गेल्या दशकात झी टॉकीजवर मराठी चित्रपटांखाली मराठी अक्षरे देण्याचा प्रयोग झाला. तेव्हा मराठीत हे जमत नाही असे म्हणायची सोय उरलेली नाही. यामागचे मर्म असे, की शाळा सोडून वीस वर्षे झालेली व्यक्ती पुस्तक हातात घेत नाही, पण आवडते गाणे पाठ असते, आणि पाठ असलेला शब्द डोळ्यांसमोर आला की तो वाचायला अक्षरओळख पुरते. शाळेत जाणाऱ्या पण अडखळत वाचणाऱ्या मुलांना हेच लागू आहे. यासाठी वेगळा वर्ग नको, वेगळी वेळ नको, टीव्ही तर तसाही चालूच असतो.

अक्षरांनी लक्ष विचलित होते, नटाचा चेहरा बघायचा की खाली वाचायचे, हा आक्षेप रसिकांकडून येतो. नजर खाली जाते हे खरेच. बेल्जियमच्या लूव्हन विद्यापीठात जेरी दीदेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात दिसले, की सबटायटलची सवय नसलेले अमेरिकी प्रेक्षकही ती आपसूक वाचतात, आणि आवाज व अक्षरे एकाच भाषेत असली तरी वाचतात. कोठारींच्या कल्पनेला बळ देणारी आणि रसिकाच्या तक्रारीला दुजोरा देणारी गोष्ट ही अशी एकच आहे. पण ही अक्षरे बंद करता येतात, हाच तर क्लोज्ड कॅप्शनचा अर्थ. नको असतील त्याने बटण दाबावे. शिवाय आपल्याकडच्या इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्या गेली कित्येक वर्षे इंग्रजी संवादांखाली इंग्रजी अक्षरे देत आल्या आहेत, तीही कायमची छापलेली. उच्चार कळत नाहीत म्हणून आपण ती आनंदाने वाचली, कुणाचा रसभंग झाल्याचे गाऱ्हाणे फारसे ऐकू आले नाही. इंग्रजीखाली इंग्रजी चालते आणि मराठीखाली मराठी खटकते, यात रसिकतेपेक्षा सवयीचा भाग मोठा असावा.

खर्चाचा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. रोजच्या मालिकेचा भाग प्रक्षेपणाच्या अगदी तोंडावर तयार होतो. संवाद कागदावर असतात, पण सेटवर बदलतात. बदललेले संवाद ऐकून, ओळी तोडून, प्रत्येक ओळ कोणत्या क्षणी यावी आणि जावी हे ठरवायला माणूस आणि वेळ लागतो. पण त्याच भागाचे दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण होते, तो ॲपवर महिनोन्‌महिने पडून असतो, आणि जुने चित्रपट तर वर्षानुवर्षे फिरून फिरून लागतात. तिथे घाईची सबब चालत नाही. काम यंत्रावर सोपवावे असेही हल्ली सुचवले जाते. आवाजावरून मजकूर करणारी यंत्रे खरोखर सुधारली आहेत आणि कच्चा खर्डा त्यांनी करायला हरकत नाही. पण ‘रात्रीस खेळ चाले’मधली मालवणी किंवा ‘सैराट’मधली करमाळ्याकडची बोली त्यांना पेलेल, असे गृहीत धरता येत नाही. इथे माणसालाही निर्णय घ्यावा लागतो. पात्र ‘खंय गेल्लंस’ म्हणत असेल तर खाली तेच लिहायचे की ‘कुठे गेला होतास’ असे प्रमाण मराठीत? माझा कौल बोली जशीच्या तशी लिहिण्याला आहे. अकोल्याच्या प्रेक्षकाला एखादा शब्द अडेल, पण ऐकू येत नसलेल्या कुडाळच्या माणसाकडून त्याची बोली काढून घेण्याचा अधिकार सबटायटल लिहिणाऱ्याला नाही.

संवाद उतरवले की काम संपले, असेही नाही. मालिकेत सून स्वयंपाकघरात उभी आहे, चेहऱ्यावर एकदम भीती. ऐकणाऱ्याला दारावरची थाप ऐकू आलेली असते. न ऐकणाऱ्याला ती भीती विनाकारण वाटते. म्हणून कंसात ‘दारावर थाप’ लिहावे लागते, पडद्याबाहेरून बोलणाऱ्याचे नाव द्यावे लागते, संगीत करुण की धमकीवजा तेही सांगावे लागते. बीबीसी वेगवेगळ्या पात्रांसाठी पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा असे रंग वापरते. तिथली मार्गदर्शक गती मिनिटाला १६० ते १८० शब्दांची आहे, पण हे माप मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाही. ‘घरातल्यांनाही’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार होतील. मराठीसाठी शब्द मोजण्याऐवजी अक्षरे मोजावी लागतील. वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असल्याने ओळीला उंचीही थोडी जास्त द्यावी लागेल. हे निकष मराठीतच बसून ठरवायला हवेत. भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. विद्यापीठांनी आणि राज्याच्या भाषा विभागाने हातात घ्यावे असे हे एक छोटे, नेमके काम आहे.

राहिला मेनू. तो मराठीत असावा की नाही, याबाबत मी तेवढा आग्रही नाही. सोर्स, म्यूट, व्हॉल्यूम हे शब्द आता घराघरांत रुळले आहेत, मदतीला फोन करावा तर पलीकडचा माणूस इंग्रजी नावांनीच रस्ता सांगतो, आणि काही संचांतली भाषांतरे वाचून मूळ इंग्रजीच बरे वाटते. पण संच बसवायला आलेला तंत्रज्ञ पहिल्याच पडद्यावर न विचारता इंग्रजी निवडून मोकळा होतो, तेव्हा त्या घरातल्या कुणाला कायमचे बाहेर ठेवले जाते, याचा विचार व्हावा. ज्यांना अक्षरांची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती सुरू करायला ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा शब्द वाचून, कळून, त्यात शिरावे लागते. मेनूची भाषा आणि अक्षरांची भाषा वेगवेगळी ठेवता येते, तेव्हा तरुण मंडळींनी मेनू इंग्रजीत ठेवून अक्षरे मराठीत लावून दिली तरी पुष्कळ. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव बहुधा तिच्याच लिपीत असते, त्यामुळे चुकून मेनू भलत्याच भाषेत गेला तरी ‘मराठी’ किंवा ‘इंग्लिश’ शोधून परत येता येते. भीतीचे कारण नाही.

आणि एवढे करूनही मराठी वाहिनीवर यादी रिकामी निघाली, तर तक्रार नेमकी करावी. ‘सबटायटल दिसत नाहीत’ एवढेच लिहिले की संच तपासून घ्या, असे उत्तर येते. वाहिनीचे नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ, कोणत्या सेवेची पेटी, तिच्या सबटायटलच्या यादीत त्या वेळी काय दिसले, आणि त्याच कार्यक्रमाला ॲपवर मराठी अक्षरे आहेत की फक्त इंग्रजी, हे लिहून यादीचा फोटो जोडावा आणि आधी वाहिनीकडे पाठवावे. तिथून काही हलले नाही तर २०१६ च्या अधिनियमाखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि अर्ज मराठीत चालतो.